कारळ्यातलं इरलं

सोनबातात्यांची नक्कल करायची तर आधी गप्प राहायचं. बहुतेक जण तिथंच चुकतात. मान डाव्या खांद्यावर टाकायची, डोळे अर्धे मिटायचे, उजव्या हाताचं एक बोट वर करायचं आणि श्वास धरून उभं राहायचं. समोरचा कितीही महत्त्वाचं सांगत असला तरी त्याला अर्ध्यावर लोंबकळत ठेवायचं. मग निजलेल्या पोराजवळ बोलावं इतक्या हळू म्हणायचं, "आयकलं का?"

समोरचा म्हणणार, "काय?"

"काय न्हाई. गेली."

एवढीच नक्कल. पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, तिथं ही नक्कल येत नाही असं माणूस सापडायचं नाही. सगळ्यांत चांगली आपल्याला येते असं गेनूला वाटतं. पण गेनूचं बोट खुंटीसारखं ताठ असतं. तात्यांचं बोट जरासं थरथरायचं आणि खाली येताना धोतराला पुसलं जायचं, घाम आल्यासारखं. ते गेनूच्या ध्यानात कधी आलं नाही.

तात्या ऐकत असायचे तो आग्यामाशीचा आवाज. आमच्या डोक्यावर सरळ उभा कडा आहे. पाऊस उघडला की त्याच्या पोटाखाली आग्या मोहोळं येऊन लागतात. खालून बघावं तर कुणी काळी घोंगडी वाळत घातल्यासारखी दिसतात, आणि वारा नसतानाही त्यांच्यावरून मधूनच एक थरथर जाते. एकटीदुकटी माशी आपल्या वाटेनं जाते, आपण आपल्या. पण सगळं मोहोळ उठलं तर बैल दावं तोडून पळतो, आणि दावं तुटलं नाही तर खुंट्याशीच मरून पडतो. हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे आणि भीतीही सगळ्यांनाच आहे. फक्त बाकीचे ती भीती कड्यापाशी ठेवून घरी येतात. तात्या ती घरी घेऊन यायचे.

यावरून कुणी म्हणेल, माणूस मुळातच भित्रा. तसं नव्हतं. लग्नाच्या आधी तात्या भाटघरच्या धरणावर कामाला होते. सुरुंगाची वात पेटवायची आणि पळायचं, असं काम. त्यांच्याबरोबर तिथं पाट्या टाकलेला कोंडिबा आता वाडीचा कारभारी आहे. कोंडिबाचा आवाज घागरीत तोंड घालून बोलावं तसा घुमतो. "आरं, बाकीचं समदं जीव घिऊन पळायाचं. ह्यो चालत यायाचा. दगूड डोईवरनं जातोय आन ह्यो तंबाकू मळतोय. आन आता बगा. माशी." शेवटचा शब्द तो दातात अडकलेलं काही काढून टाकावं तसा टाकतो.

भीती आली ती रतनकाकीबरोबर. लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. बांधावर उभी राहून पाणी पिताना काकीच्या मानेला माशी चावली. एकच. बायका हसल्या, कुणी कांदा चोळला. कांद्याची फोड हातातून खाली पडायच्या आत काकीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आणि गळ्यातून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. श्वास आत जाईना. तात्यांनी तिला पाठीवर घातलं आणि उतारावरून धावत आणून बनाबाईच्या दारात टाकलं. बनाबाई वाडीची सुईण, झाडपाल्याचंही तीच बघते. तिनं काय पाजलं आणि काय चोळलं ते तिला आजही धड सांगता येत नाही. पण काकीनं डोळे उघडून पाणी मागितल्यावर बनाबाई जे बोलली ते वाडीला तोंडपाठ आहे. बनाबाई तोंडात मशेरी धरून असते. प्रत्येक वाक्याआधी थुंकते, आणि ऐकणाऱ्याला तेवढं थांबावं लागतं.

थू. "वाचली."

थू. "येकीनं हिची ही गत झाली."

थू. "फुडल्या बारीला हितं आनू नगंस. हितवर पोचायची न्हाई ती."

त्या दिवसापासून तात्यांची मान वाकडी झाली.

मग त्यांनी नेम घातले. पाऊस उघडल्यापासून काकीनं केसाला तेल लावायचं नाही, वासाला माशी येते. काळं लुगडं नेसायचं नाही, काळ्याला माशी धरते. केसांत फूल तर नाहीच. कोंडिबाची बायको साळूबाई बोलायला लागली की पाट्यावर वरवंटा फिरल्यासारखी, पुढं जाऊन पुन्हा मागं येते. पाणवठ्यावर ती काकीला म्हणायची, "काय बाई, नवरा धडधाकट हाय, आन केसाला त्याल न्हाई. धडधाकट हाय म्हन्ते म्या, दिसतोय की आमाला, आन केसाला त्याल न्हाई." काकी घागर भरून घ्यायची आणि म्हणायची, "तुमच्या केसाचं बगूनच माजं भागतं, साळूबाई." काकीचा आवाज सपाट. त्यात राग आहे की गंमत, ते उचलायला मला फार वेळ लागला.

एरवीच्या वर्षी हे निभून जायचं. कड्याखालच्या उतारावर आमच्या दळ्या आहेत, म्हणजे झुडपं तोडून, जाळून केलेली डोंगरावरची शेतं. पहिल्या वर्षी तिथं नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, आणि जमीन दमली की तिसऱ्या वर्षी कारळा. मग ती जागा पडीक ठेवायची आणि दुसरा उतार धरायचा. सगळ्यांच्या दळ्या एकाला एक लागून आणि बरोबरच फोडलेल्या, त्यामुळं कारळा येतो तो अख्ख्या उतारावर एकदम. घट बसायच्या सुमाराला डोंगर पिवळा होतो. कमरेएवढी झाडं, शेंड्याशेंड्याला पिवळं फूल, आणि त्या पिवळ्यातून सकाळपासून उन्हं कलेपर्यंत घूं असा एकसारखा आवाज. बाकी वाडी तो आवाज ऐकून खुश असते. माशी बसली म्हणजे बोंड भरेल, बोंड भरलं म्हणजे घाण्यावर तेल निघेल. भाजीला तेच तेल, केसाला तेच, दिव्याला तेच. तात्या त्या दिवसांत भाकरी हातात घेऊन बसायचे आणि खायचं विसरायचे.

कारळ्याला वैरी एकच, अमरवेल. नुसता पिवळा दोरा. मुळं नाहीत, पानं नाहीत. या झाडावरून त्या झाडावर सरकतो, गळा आवळतो, आणि झाड उभ्या जागी वाळतं. वेल लागलेलं झाड मुळासकट उपटून बाहेर काढावं लागतं, तेही वेलानं बी धरायच्या आत, म्हणजे ऐन फुलात. पिवळ्या फुलात पिवळा दोरा डोळ्याला सापडत नाही. तो हाताला लागतो. आणि एका दळीत राहिला तर शेजारच्या दळीत उतरतो. म्हणून रीत अशी की सगळ्यांनी मिळून सावडीनं, एकाच दिवशी, सगळा उतार खालून वरपर्यंत काढायचा, आणि दर घरातून एक बाई आणि एक गडी आलाच पाहिजे.

लढाईच्या आधीच्या कारळ्यालाही तात्यांनी नेहमीसारखं काकीला घरात ठेवलं. "तिच्या वाटनीचं म्या करतो," म्हणाले, आणि केलंही. दिवसभर उपटत होते. पण डोळे कड्याकडं, त्यामुळं हातात चांगलं झाड यायचं आणि वेल मागं राहायचा. कापणीपर्यंत त्यांची दळी वाळून गेली, आणि वेल तिथून कोंडिबाच्या दळीत घुसला. पुढची दिवाळी दोन्ही घरांनी जवळजवळ अंधारात काढली.

त्यानंतर पुन्हा कारळ्याचं साल आलं ते लढाईच्या दिवसांत. भोरच्या बाजारात रॉकेल मिळेनासं झालं होतं. दिवा लावायचा तर कारळ्याच्या तेलावर. गौरी गेल्या आणि कोंडिबा तात्यांच्या ओट्यावर येऊन बसला.

"सोनबा, औंदा तुजी मालकीन आली पायजे."

तात्यांची मान वाकडी झाली.

"कड्याकडनं काय आयकतोस? म्या हितं बोलतोय, हिकडं आयक."

"कोंडिबा, दोन गडी देतो. म्या हाय, आन पासलीतनं मेव्हन्याला आनतो."

"गडी नगंत. बाईचा हात पायजे. गड्याच्या हाताला वेल कळती व्हय? तुज्या तर मुळीच न्हाई."

"तिला चावली तर?"

"आन न्हाई चावली तर?"

"न्हाई चावली तर काय, न्हाई चावली." तात्यांचा आवाज खाली गेला. "चावली तर काय, ते सांग."

कोंडिबानं घसा खाकरला आणि घागर रिकामीच घुमली. तेवढ्यात काकी दारात आली. ती तात्यांशी बोलताना नेहमी उंबऱ्याकडं बघून बोलते.

"म्या येनार," ती म्हणाली. "तुमी कड्याकडं बगनार. मग वेलीकडं कुनी बगायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी आढ्याला टांगलेलं इरलं खाली काढलं. इरलं म्हणजे बांबूच्या काड्यांचा सांगाडा आणि वर पळसाची पानं. भातलावणीत पावसात वाकून काम करताना बायका ते डोक्यावरून पाठीवर घेतात. पाऊस संपला की ते कुणी हुंगतसुद्धा नाही. तात्यांनी त्यावर पानांचा आणखी एक थर बांधला, भोकं शेणानं लिंपली, आणि काकीला अंगणात उभी केली.

मग सराव सुरू झाला. काकीनं अंगणात काहीतरी करत असायचं. तात्या टाळी वाजवायचे आणि म्हणायचे, "आल्या." काकीनं होती तिथं खाली बसायचं, गुडघे छातीशी घ्यायचे, पदर तोंडावर ओढायचा आणि इरलं अंगावर पालथं घालायचं. इरल्याची कड सगळीकडून जमिनीला टेकली पाहिजे. तात्या हातात काडी घेऊन भोवती फिरायचे. कुठं फट दिसली की काडी आत सारायची.

"हितनं येती बग. गुडगा आत घे."

आतून आवाज, "घेतला."

"पाठ खाली."

"पाठ हाय तेवढी हाय. आता काय कापू?"

"बोलू नगं. बोलायचं न्हाई. श्वासानं येती."

शेजारच्या ओट्यांवर तोवर माणसं जमलेली असायची. गेनू म्हणायचा, "तात्या, कोंबडी खुडूक बसली का? पिल्लं कवा निगनार?" आणि कुडाआडून रोज एक टाळी वाजायची, "आल्या." काकी खालून म्हणायची, "गेनूभावजी, तुमची टाळी मला कळती. तिच्यात जीव न्हाई." सगळे हसायचे. तात्या हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत.

"गेन्या, हास. पन त्या दिवशी घोंगडी आन."

"कशाला? थंडी वाजंल व्हय मला?"

"अंगावर घ्यायाला. माश्या आल्या की पळायचं न्हाई, घोंगडी घिऊन पडायचं. आसशील तिथं पडायचं."

ते घरोघर जाऊन हेच सांगून आले. कोंडिबाला सांगितलं, साळूबाईला सांगितलं, बनाबाईला सुद्धा सांगितलं, जिला उतार चढवतही नाही. नक्कल करणाऱ्यांची चंगळ झाली. त्या दिवसांत वाडीत कुणी कुणाला भेटलं की "राम राम"च्या आधी "घोंगडी हाय का?" असंच विचारायचं.

वेल काढायच्या दिवशी दव वाळायच्या आत सगळे उताराच्या पायथ्याशी गोळा झाले. तात्यांनी एक अट घातली होती, उपटलेली झाडं तिथं जाळायची नाहीत, धूर नको. कोंडिबानं ती मानली. बहुतेकांच्या खांद्यावर घोंगडी होती, कुणाच्या खरंच, कुणाच्या थट्टेनं. गेनूनं मुद्दाम आणली नव्हती. आणि काकीच्या पाठीवर, निरभ्र आभाळाखाली, दोरीनं बांधलेलं इरलं.

साळूबाई म्हणाली, "रतन, पाऊस येतोय का गं? पाऊस येतोय म्हन्ते म्या?"

"येईल," काकी म्हणाली.

रांग खालून वर सरकायला लागली. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर काकी फुललेल्या कारळ्यात पहिल्यांदा उभी राहत होती. तिचे हात फुलांखाली जायचे, क्षणभर थांबायचे, आणि झाड मुळासकट वर यायचं, त्याला पिवळा दोरा गुंडाळलेला. साळूबाईनं एक काढावं तोवर काकीची तीन निघायची. कोंडिबा मागून म्हणाला, "ह्याला म्हन्त्यात हात." चोहीकडं माश्या फुलांवर बसत होत्या, उठत होत्या. त्यांना काकीशी देणंघेणं नव्हतं. एक इरल्यावर येऊन बसली. तात्या हातातलं झाड तसंच धरून तिच्याकडं बघत राहिले. ती पानावरून चालली, कडेपर्यंत आली, कडेवर पुढचे पाय घासत बसली. मग उडाली. तात्यांनी श्वास सोडला तो चार माणसांनी ऐकला.

त्यांची दळी सगळ्यांत वर, अगदी कड्याखाली. म्हणजे काम जसं संपत येत होतं तशी रांग कड्याजवळ जात होती. वर जाईल तसा बोलण्याचा आवाज आपोआप बारीक झाला. थट्टा बंद पडली. आपण हळू बोलतोय हे एकमेकांच्या ध्यानात येत होतं आणि कुणी तसं म्हणत नव्हतं. उन्हं डोक्यावर आली होती. काळी घोंगडी आता स्पष्ट दिसत होती, त्यांच्यावरून जाणारी थरथरसुद्धा.

तात्यांची मान वाकडी झाली. सवयीनं दोघं-तिघं हसले. गेनूनं तर आपलं ताठ बोट वर केलंसुद्धा. पण तात्यांचं बोट वर गेलं नाही. त्यांची मान सरळ झाली. ती सरळ झालेली वाडीनं कित्येक वर्षांत बघितली नव्हती, आणि ते बघूनच गेनूचं बोट खाली आलं.

एक घार कड्याला घासून गेली होती. मोहोळावर चोच मारून, पोळ्याचा तुकडा पायात घेऊन ती खाली आमच्या डोक्यावरून निघाली, आणि तिच्यामागं ते काळं घोंगडं कड्यावरून सुटलं.

तात्यांनी टाळी वाजवली नाही. एवढंच म्हणाले, "आल्या."

काकी खाली बसली. गुडघे, पदर, इरलं. अंगणातल्या कुठल्याही दिवसापेक्षा चटकन. बाकीच्यांनीही आपापल्या घोंगड्या ओढून घेतल्या आणि कारळ्यात आडवे झाले. गेनू ओढ्याकडं पळाला. तात्या हातात काडी असल्यासारखे इरल्याभोवती फिरले, आणि तेव्हा त्यांना ती फट दिसली.

सराव झाला होता अंगणात. अंगण सपाट होतं. इथं उतार होता. इरल्याची वरची कड जमिनीत रुतली होती, पण खालच्या बाजूला, काकीच्या पायांशी, हात जाईल एवढी जागा उघडी होती. तात्यांनी माती ओढली, ती घरंगळून गेली. झाडं उपटून कोंबली, ती पुरली नाहीत. घोंगडी हवी होती. सगळ्या वाडीला घोंगडी आणायला सांगणाऱ्या माणसाची घोंगडी घरी खुंटीला होती. सरावात ते कायम बाहेर उभे राहिलेले, टाळी वाजवत. खऱ्या दिवशी आपण कुठं असणार, हे त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

ते वळले आणि त्या फटीत पाठ लावून बसले.

पुढचं बघितलं कुणी नाही, कारण बघायला डोकं बाहेर काढावं लागलं असतं. ऐकलं मात्र सगळ्यांनी. घोंगडीवर गारा पडल्यासारखा आवाज होत होता. अंधारात आपल्याच श्वासाची वाफ तोंडावर येत होती, आणि घोंगडीची लोकर टोचली तरी ती माशी वाटत होती. त्या आवाजातून काकीचा आवाज आला, पळसाच्या पानांआडून.

"आत या."

"जागा न्हाई."

"सरकते. या म्हन्ते ना."

"हालू नगं. बोलू नगं."

मग नुसती माश्यांची घरघर. काकी पुन्हा म्हणाली, "अवो." "अवो, आयकता का?" उत्तर नाही. त्यांची पाठ काकीच्या पायांना लागलेली होती, आणि त्या पाठीला बसणारा प्रत्येक झटका काकीला आत कळत होता. आता तर झटकेही येईनात. माश्या थांबल्यात की माणूस थांबलंय, हे कळायला इरलं उचलावं लागलं असतं, आणि पाठ लागलेली असताना इरलं उचलताही येत नव्हतं.

तेव्हा काकीनं नवऱ्याचं नाव घेतलं. "सोनबा," ती ओरडली. "सोनबा, सोनबा." तिचा तो सपाट आवाज मधोमध फाटला. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेते ती लग्नात आणि हळदीकुंकवात, तेही उखाण्यात लपवून. घोंगड्यांखाली पडलेल्या प्रत्येकानं ते ऐकलं. कुणी नक्कल करायला मागत नाही असा वाडीतला तो एकच आवाज.

उन्हं कलली तेव्हा माश्या परतल्या. आधी कोंडिबानं डोकं बाहेर काढलं, मग एकेक जण उठला. तात्या तसेच बसलेले होते, इरल्याला टेकून, हात दोन्ही बाजूंनी कडेवर दाबलेले. तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे कुठं आणि गाल कुठं ते कळेना. श्वास होता, पण काकीला लागला होता तसाच, शीळ घातल्यासारखा. काकी इरल्यातून बाहेर आली. तिला एकही चावली नव्हती.

त्यांना खाली नेलं ते गेनूनं, पाठीवर घालून. ओढ्यात उडी मारूनही त्याचा कान वांग्याएवढा झाला होता. बनाबाईनं तात्यांना पालथं घातलं आणि अंगठ्याच्या नखानं काटे काढायला बसली. पाठ, मान, कानांच्या पाळ्या. तेवढा वेळ ती थुंकलीसुद्धा नाही, आणि त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली. काकी उंबऱ्यात बसून होती. साळूबाई तिच्याजवळ बसली आणि पहिल्यांदाच एक वाक्य एकदाच बोलली. "ऊठ, पानी पी." काकी उठली नाही. आतल्या शिळेकडं तिचा कान होता. शीळ थांबली की ती उंबरा धरायची, सुरू झाली की सोडायची.

सकाळी तात्यांचा एक डोळा रेघेएवढा उघडला. ओठ भाकरीसारखे फुगलेले. त्यातून शब्द आले ते असे:

"तुला तावली ता?"

"न्हाई," काकी म्हणाली.

"येत पन?"

"येक पन न्हाई."

रेघ मिटली. बनाबाई बाहेर गेली आणि कालपासूनचं सगळं थुंकून परत आली.

थू. "वाचला."

मग काकीकडं वळून, थू. "पन आता ह्येचंबी तसंच. लई ईख गेलंय अंगात. फुडल्या बारीला हितं आनू नगंस."

तात्या उठून बसायला लागल्यावर बायकांनी काकीला धरली. "रतन, उखान्याबिगर नाव घेतलंस गं. तेबी तीनदा." काकी म्हणाली, "उखाना जुळवाया येळ न्हवता." एवढं बोलून ती चुलीपुढं वाकली. तिचे कान लाल झालेले साळूबाईनं बघितले आणि जाऊन चार घरांत सांगितलं.

वरच्या दळीतला वेल तसाच राहिला होता. कोंडिबा म्हणाला, जाऊ दे, तेवढा तुकडा कापून टाकू. काकी "न्हाई" म्हणाली. आणि मग वाडीनं जे बघितलं ते असं. तात्या ओट्यावर तंबाखू मळत बसलेले, मान सरळ. भाटघरला होते तसे, कोंडिबा म्हणतो. त्यांना आता माशीचं काही वाटेनासं झालं होतं. "चावली तर चावली. किती चावत्याल," असं ते सुजलेल्या ओठांनी सांगायचे आणि आम्हाला ते "किती तावत्याल" असं ऐकू यायचं. अंगणात मात्र काकी नवीन इरलं बांधत होती. दुसरं. त्याची एक कड दुसरीपेक्षा हातभर लांब होती.

ते झाल्यावर ती तात्यांना अंगणात उभं न करता घरामागच्या उतारावर घेऊन गेली. तात्या कुरकुरत होते. काकीनं टाळी वाजवली. "आल्या."

"आगं, मला काय बी हुत न्हाई."

"बसा."

तात्या बसले. इरलं पालथं पडलं. लांब कड उताराला जाऊन टेकली. काकीनं काडी घेऊन सगळीकडून फिरवून बघितली. काडी आत गेली नाही. मग तिनं आपलं इरलं शेजारी मांडून बघितलं, दोन्ही एकदम बसतात का ते.

गेनू कुडापाशी उभा होता. त्याच्या कानाची सूज अजून पुरती उतरली नव्हती. त्यानं खुडूक कोंबडीबद्दल काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, "वहिनी, आसलं येक मला बांधून द्याल का?"

दुसऱ्या दिवशी काकी आणि तात्या, दोघं दोन इरली बांधून वरच्या दळीत वेल काढत होती. तात्या मोठमोठ्यानं बोलत होते. सुरुंगाच्या गोष्टी, भाटघरचा मुकादम कसा शिंकायचा ते. मधेच काकीची मान कलली.

तिची नक्कल अजून कुणाला जमलेली नाही, मला सुद्धा नाही. मान उजवीकडं जाते. बोट वर होत नाही. ती कुणाला "आयकलं का" विचारत नाही. डोळे मिटलेले असतात, आणि हात वेल उपटायचे थांबत नाहीत.